गैरहजर अध्यक्ष

संगणक व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संस्थेच्या आमच्या अकोला शाखेत एक रीत आहे. निवडणुकीच्या सभेला जो येत नाही, त्यालाच अध्यक्ष करतात. माईकसमोर बोलायच्या भीतीने मी अकरा वर्षांत एकही सभा चुकवली नाही. यंदा अमरावतीहून येताना बस मूर्तिजापूरला पंक्चर झाली. पोहोचलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

"या काका, अध्यक्ष झाले तुमी," सचिव गीतांजली म्हणाली.

"उशीर झाला म्हणून?"

"नाही जी, यंदा ते बंद. अकरा वर्षं एकही सभा न चुकवनारे तुमी एकलेच. मंग दुसऱ्या कोनाले करावं?"

खरं कारण ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिने हजेरीची वही पुढे केली. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त अध्यक्षांची पहिली ओळ कोरी होती.

सही बरी आली.