चालू पूल

इंजिनिअर विलारुएलची गाडी पुलावर चढली, तेव्हा अलीकडच्या काठावर अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं. चाकांखाली ओंडके कण्हले, एक बांबू ताडकन फुटला. खाली नदी गढूळ, फुगलेली. ड्रायव्हरनं मधोमध आल्यावर छातीवर क्रूसाची खूण केली. गाडी कशीबशी काठाला लागली आणि इंजिनिअरनं काच खाली केली.

"वा! आली की आरामात!"

मनांग क्रेसिंगनं कपाळावर हात मारला. "संपलं," ती शेजारणीला म्हणाली. "आता हा असाच रिपोर्ट देणार."

ती काही सगळ्यांची सख्खी बहीण नव्हती, पण गावात लहानथोर तिला मनांगच म्हणत, म्हणजे थोरली ताई. वादळात पुलाच्या फळ्या वाहून गेल्या, लोखंडी सांगाडा तेवढा उरला, त्याला दोन वर्षं झाली होती. नगरपालिका म्हणे, पूल प्रांताचा. प्रांत म्हणे, नगरपालिकेचा. शेवटी गावानं आपल्याच बागांतली झाडं आणि बांबू तोडून, तारेनं बांधून सांगाड्यावर टाकले होते. यंदाच्या उन्हाळ्यात त्यातलाच एक बांबू मनांगच्या जावयाच्या पायाखाली मोडला. तेव्हापासून रुफिनो कुबडी घेऊन चालत होता. आणि आता कुठे पूल प्रांताचाच, असं ठरून हा इंजिनिअर आला होता.

जेवण मनांगच्याच घरी ठेवलं होतं. कच्ची पपई घालून केलेला गावठी कोंबडीचा रस्सा, भात, तळलेले मासे. इंजिनिअर मनापासून जेवला. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्यांदा भात घेताना त्यानं मनांगच्या हाताची तारीफसुद्धा केली.

"मग साहेब, काम कधी सुरू होणार?" गावप्रमुख दोमिनादोरनं विचारलं. त्याला सगळे कपितान म्हणत.

इंजिनिअरनं हात पुसले. "त्याचं असं आहे कपितान, यंदाचा पैसा फक्त बंद पडलेल्या पुलांसाठी आहे. तुमचा पूल चालू आहे. मी स्वतः गाडीतून आलो."

"चालू?" रुफिनोनं कुबडी उचलून टेबलावर ठेवली. रश्श्याचं भांडं हिंदकळलं.

इंजिनिअरनं नजर दुसरीकडे वळवली. "तुमचं दुःख समजतं मला. पण नियम मी केलेला नाही. उलट तुम्ही सगळ्यांनी मिळून पूल उभा केलात, याचं कौतुक मी वरपर्यंत पोचवीन. जाताना पुलावर सगळ्यांचा एक फोटो काढू."

"म्हणजे आम्ही हातावर हात ठेवून बसलो असतो, तर पूल मिळाला असता?" मनांगनं विचारलं.

"तसं नाही हो, मनांग..."

"मग कसं?"

इंजिनिअरनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

मनांगनं त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला. मग एकदम गोड आवाजात म्हणाली, "जाऊ दे. साहेब, गाणं येतं का तुम्हाला? आमच्याकडे गाण्याचं मशीन आहे, कराओके. पाहुणा न गाता गेला तर बरं दिसत नाही."

इंजिनिअरचा चेहरा उजळला. त्याला नुसतं गाणं येत नव्हतं, गाण्याचं वेड होतं. कपितानच्या अंगणात मशीन लागलं, माईक हातात आला, आणि साहेबांनी डोळे मिटून प्रेमभंगाचं एक जुनं गाणं धरलं. मशीननं अठ्ठ्याण्णव गुण दिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "आणखी एक! आणखी एक!" ड्रायव्हरही एका द्वंद्वगीतात सामील झाला.

मनांग मागच्या दारानं बाहेर पडून नदीवर आली. तिच्या निरोपावरून गावातले बाप्ये आधीच जमले होते, पण कुणी पुलाला हात लावत नव्हतं.

"मनांग, मका घरात पडलाय," एकजण म्हणाला. "उद्या बाजारात कसा न्यायचा?"

"नाही न्यायचा."

"आणि सरकारी मालमत्ता मोडली म्हणून पोलीस आले तर?"

"सरकारची मालमत्ता ते लोखंड. त्याला बोटसुद्धा लावू नका." तिचा आवाज चढला. "ओंडके कुणाचे? बांबू कुणाचे?"

"आपलेच."

"मग आपलं सामान घरी न्या!"

तरीही कुणी हललं नाही. तेव्हा रुफिनो लंगडत पुढे आला, ओल्या मातीत बसला आणि पकडीनं पहिली तार तोडली. मग बाकीचे सरसावले. रेड्यांना दोर बांधले. एकेक ओंडका घसरत काठावर येऊ लागला. अंगणातून साहेबांचा आवाज येतच होता. वरच्या पट्टीत तो थोडा फाटत होता.

दुपार कलल्यावर गाडी नदीकाठी आली आणि करकचून ब्रेक लागला. इंजिनिअर खाली उतरला. समोर गंजलेला सांगाडा, आणि त्यातून दिसणारं पाणी.

"हे काय केलंत?" तो ओरडला. "वेड लागलंय का तुम्हाला? मी आता जाऊ कसा?"

"पाणी उतरलं की नदीच्या पात्रातून जाता येईल," कपितान जमिनीकडे बघत म्हणाला. "चारपाच दिवसांत उतरतं. वर डोंगरात पाऊस नसला तर."

इंजिनिअरनं खिशातून फोन काढला, हात उंच करून चारी दिशांना फिरवला, आणि परत खिशात ठेवला. "अहो, पण यात तुमचंच नुकसान आहे! तुम्हीसुद्धा अडकलात ना?"

"आम्ही दोन वर्षं अडकलेलोच आहोत, साहेब," मनांग म्हणाली. "आता तुमची सोबत झाली, एवढंच."

आणि ती घरी जाऊन रात्रीच्या भाताला आणखी दोन माणसांचे तांदूळ धुवायला बसली.