दादाच्या खोलीतला दिवा

"तो बंद करू नकोस," आई दारातूनच म्हणाली. "दादाचा फोन त्यालाच ओळखतो."

धाकटीने जुन्या राउटरवरचा हात मागे घेतला.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. अपघाताच्या जागी फोन सापडला नाही, असं बाबांनीच येऊन सांगितलं. त्यानंतर त्यांनी दादाचं नावही काढलं नव्हतं. पुढे बैठकीत नवा राउटर आला, घरातलं सगळं त्यावर गेलं. दादाच्या खोलीतला हा जुना मात्र आईने चालूच ठेवला. त्यावर कोणीच उरलं नव्हतं, तरी संध्याकाळी त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा. मग आई म्हणायची, "आला."

"तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही," बाबा फोनवर म्हणाले होते. "ये आणि ते डबडं काढून टाक."

धाकटीला वाटत होतं, शेजारचं कोणीतरी फुकटात घुसत असणार. नाव कळलं की आईची समजूत घालता येईल.

"काढत नाही गं. दोघांची गाठ घालून देते."

तिने बैठकीतून केबल ओढली. एक्स्टेंशन बोर्ड बाबांच्या खोलीतून आणला. त्यात जाड पिनचा कुठलातरी जुना चार्जर अडकला होता, तो काढून ठेवला. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता द्यायचं काम जुन्याकडून काढून नव्याकडे दिलं. जुन्याने आता फक्त दार उघडायचं. आत कोण आलं, ते नवा तिच्या फोनवर सांगणार.

बाबा फिरायला गेले होते. मायलेकी कॉटवर बसून राहिल्या. उशी अजून दादा ठेवायचा तशी, भिंतीला उभी टेकवलेली होती. दिवा स्थिर होता.

मग तो लुकलुकला.

"आला," आई म्हणाली.

धाकटीच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर नवं नाव उमटलं: 'चोंबडीने हात लावू नये.'

तिला चिडवायला दादाने आपल्या फोनला दिलेलं नाव.

बाहेर फाटक करकरलं. पायऱ्यांवर पावलं वाजली. चपला काढून बाबा खोलीच्या दाराशी थांबले. उजवा हात स्वेटरच्या खिशात होता, काहीतरी घट्ट धरल्यासारखा.

"अजून काढलं नाहीस ते डबडं? तिच्या भासांना तूही खतपाणी घाल."

धाकटी त्या खिशाकडे बघत राहिली.

"भास नाहीत, बाबा," ती हळूच म्हणाली. "तो रोज घरी येतो. तुमच्याबरोबर."