उशिराचा दोडका

दोडके चिरून ताटलीत पडले होते, गॅस बंद होता आणि सून मेघा पुन्हा परसात जाऊन बसली होती. धुरपताबाई खाटेवरून बघत होती. कावीळ उतरली, पण अंगात ताकद नव्हती. पोटात कावळे ओरडत होते.

आता बस झालं. लेकाला तिनं फोनवर सांगूनच ठेवलं होतं, सेलूच्या बाजारातून आला की बोलायचं आहे. चूल वेगळी मांड म्हणावं. सून आल्यापासून या घरात वेळेवर जेवण नाही. सकाळी भाकरीच्या जाडीवरून दोन शब्द काय बोलली, बाई रुसली. काल उतू गेलेल्या दुधावरून, परवा माहेरच्या फोनवरून. वारे वा.

रांधायला हिला शिकवलं कोणी? दोडका थंड, मेथी गरम, वांगं वातूळ, सगळं धुरपताबाईनंच घोकून घेतलं होतं.

दुपार कलली तेव्हा ताट आलं. मऊ भाकर, दोडका, जिऱ्याचं ताक. मेघाचा चेहरा अगदी निवांत.

धुरपताबाईनं घास घेतला. मग दुसरा. दुखण्यात लेकीनं पाठवलेला डबा छातीशी जळला होता, नणंदेची खिचडीसुद्धा. या पोरीच्या हातचं तेवढं पोटात निवायचं. हे ती कोणाला बोलली नव्हती. बोलली असती तर सून डोक्यावर बसली असती.

"भाजी बरी हाय," ती म्हणाली. "पण येवढा उशीर काऊन वं? रुसून बसतं का?"

"नाई, आत्याबाई. तुम्हीच सांगतलं होतं ना, रांधणारीचा राग भाजीत उतरते, रागात रांधला तं दोडकाबी गरम पडते. म्हणून राग जाईस्तोवर बाहेर बसतो मी."

"रोज?"

मेघानं ताक पुढं सरकवलं. "तुम्ही रोजच बोलता ना जी."

धुरपताबाईनं अर्धी भाकर मोडून त्यावर भाजी घातली आणि मेघाच्या हातावर ठेवली. "बस इथं. तूबी उपाशीच असशीन."

दारात गाडी थांबली. प्रफुलनं पिशवी खाली ठेवली. "आई, काय बोलायचं होतं?"

धुरपताबाईनं ताट बोटानं पुसून घेतलं.

"हेच का, उद्यापासून तुह्या बायकोले जे बोलायचं, ते मी जेवण झाल्यावर बोलीन."