नववी आणि दहावी ओळ

"साहेब हसतायत," हेडक्लार्क दातओठ खात म्हणाला.

"कुठे?"

"चित्रात."

ड्राफ्ट्समनने मान वर केली. मैदानापलीकडच्या पायऱ्यांवर कारखान्याचे बाराशे कामगार काळे-पांढरे पुठ्ठे धरून बसले होते, आणि त्या पुठ्ठ्यांतून मोठ्या साहेबांचा चेहरा उमटला होता. कान जागेवर. चष्मा जागेवर. ओठांची टोकं मात्र वर गेलेली. बावीस वर्षांत साहेबांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मंचावर बसलेले खरे साहेब आताही हसत नव्हते.

ड्राफ्ट्समन अकरा वर्षं हंगामी होता. त्याला कायम करायची फाइल साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती, आणि चित्र त्याचंच होतं.

तीस ओळी, ओळीत चाळीस माणसं. कोणी कुठला रंग दाखवायचा याची हेडक्लार्कला माणशी एक चिठ्ठी हवी होती. म्हणजे बाराशे चिठ्ठ्या, आणि त्या वाटता वाटता पुढचा वर्धापनदिन उजाडला असता. ड्राफ्ट्समनने तीस चिठ्ठ्यांत काम उरकलं. शेजारी शेजारी बसलेल्या दहा जणांना 'पांढरा, पांढरा, पांढरा' असं दहादा कशाला सांगायचं? एकदाच 'पांढरे दहा' म्हणायचं. ओळीच्या मुकादमाने चिठ्ठी वाचायची, माणसांनी डावीकडून मोजत पुठ्ठे फिरवायचे. डोक्यावरची मोकळी ओळ तर दोन शब्दांत आटोपली: पांढरे चाळीस.

"साहेबांचा टाय ठिपक्यांचा आहे," हेडक्लार्कने तेव्हा हरकत घेतली होती.

"मग लिहा. काळा एक, पांढरा एक, काळा एक, पांढरा एक. चिठ्ठी ओळीपेक्षा लांब होईल. टाय साधाच असू द्या."

"आणि चेहरा?"

"तो आहे तसाच. त्यात बदल फारसे होत नाहीत, त्यामुळे सोपा आहे."

ओठ दोन ओळींत बसले होते. खालून दहावी ओळ: पांढरे चौदा, काळे बारा, पांढरे चौदा. तिच्याखाली, नववीत, ओठांची लोंबती टोकं: पांढरे बारा, काळे दोन, पांढरे बारा, काळे दोन, पांढरे बारा. ही टोकं काढायला त्याला फोटो लागला नव्हता. रोज बघतच होता.

आता त्याने डोळे बारीक केले आणि घोळ लक्षात आला. दहावीचा मुकादम म्हणजे स्टोअरकीपर. गुडघ्यांनी बेजार. एक पायरी तरी वाचावी म्हणून त्याने नववीच्या मुकादमाशी जागा बदलली होती, आणि दोघंही आपापली चिठ्ठी बरोबर घेऊन गेले होते. म्हणून टोकं वर, ओठ खाली. चिठ्ठी सही देऊन घेतलेली. आपल्या सहीचा कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, एवढं एक या कारखान्याने सगळ्यांना पक्कं शिकवलं होतं.

मंचावर बाईसाहेबांनी साहेबांना कोपराने ढोसलं. "अहो, बघा तरी. किती छान हसताय."

"माझीच कल्पना, बाईसाहेब," म्हणत हेडक्लार्क पुढे झाला. कपाळावरचा घाम त्याने वाटेतच टिपला होता.

साहेब चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती.

ड्राफ्ट्समनला गप्प बसता आलं असतं. शहाणा माणूस बसलाच असता. पण महिनाभर चौकोन मोजून काढलेल्या चित्रात दोन ओळी उलट्या बसलेल्या त्याला बघवेनात. त्याने माइक उचलला.

"नववी आणि दहावी. चिठ्ठ्या बदला."

पुठ्ठे खडखडले. चित्रातली टोकं खाली लोंबली.

"मघाचेच बरे होते," बाईसाहेब पुटपुटल्या.

"दुरुस्ती कोणी केली?" साहेबांनी विचारलं.

हेडक्लार्क दोन पावलं मागे सरला. कल्पना तिथेच पुढे राहिली. "यांनी, साहेब. माझा काही संबंध नाही. हंगामी आहेत, मनावर घेऊ नका."

"हंगामी? किती दिवस?"

"अकरा वर्षं," ड्राफ्ट्समन जमिनीकडे बघत म्हणाला. "फाइल आपल्याच टेबलावर आहे."

साहेबांच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. "ती फाइल मागवा. आत्ता."

ड्राफ्ट्समनने मान वर केली. समोरच्या चित्रात सगळं जागच्या जागी होतं. नववी आणि दहावीची अदलाबदल झाली होती ती खऱ्या साहेबांच्या चेहऱ्यावर.