बिनबंदोबस्ताची जयंती

गाडीच्या टपावरचा लाल-निळा दिवा काढला त्या जागची भोकं बुजवून झाली होती. वरचा पांढरा रंग वाळला का, हे देवचंदभाऊ टाचा उंचावून बोटानं चाचपून बघत होते. सकाळचं ऊन आत्ताच चटका देत होतं.

“घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!” समोरच्या ओट्यावरून चुडामणनाना म्हणाले. गल्लीतले सगळ्यात रिकामे गृहस्थ. गाडी दारात आली तेव्हापासून हीच म्हण रोज ऐकवत होते.

भाऊ हसले. म्हणू दे बापड्याला. पोलीस खात्यात ड्रायव्हर म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं चालवली ती हीच बोलेरो. भाऊ रिटायर झाले, मागोमाग गाडीही निकालात निघाली, आणि लिलावात भाऊंनीच तिला सोडवून घरी आणली. अंगणात बसून तिचा सडलेला पत्रा बदलला, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस दिलं, दारांवरचे निळे-लाल पट्टे पॉलिश पेपरनं घासून घासून काढले. डॅशबोर्डखाली लोंबणारी वायरलेसची तुटकी वायर तेवढी काढवेना. त्या वायरलेसवरून हाक आली की ताटावरून उठावं लागायचं. किती शिव्या घातल्या होत्या त्या हाकेला! आता ती येत नाही म्हणून जेवताना घास गोड लागत नव्हता. माणसाच्या मनाचं काय सांगावं.

मंदाबाई पांढरीशुभ्र साडी नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. आंबेडकर जयंतीला त्या माहेरी, पारोळ्याला जायच्या. एसटीनं, पोरांना घेऊन, आणि पोरं मोठी झाल्यावर एकट्या. जयंती म्हटलं की भाऊंना बंदोबस्त ठरलेला. निळे झेंडे, ढोलताशे, जयभीमचा गजर, सगळं त्यांनी खाकीत, ह्याच गाडीच्या काचेतून बघितलं. बायकोच्या शेजारी उभं राहून एकदाही नाही.

गाडीवर एवढा जीव टाकला तो ह्यासाठीच. यंदा मंदाला हिच्यात बसवून पारोळ्याला न्यायचं. पण मंदाबाई गाडीला बोट लावायला तयार नव्हत्या.

“तयार शे गाडी,” भाऊ म्हणाले.

“माले एसटी शे.” मंदाबाई पायात चप्पल सरकवत म्हणाल्या. “तुमनी गाडी तुमलेच लखलाभ. सवत शे ती मनी. बठ्ठा सण हिनीच खादात.”

त्यांचं चुकत नव्हतं. सगळे सण ह्या सवतीनंच खाल्ले होते. सरकारी गाडीत घरच्या माणसानं बसायचं नाही, हा नियम भाऊंनी प्राणापलीकडे पाळला. लहानगी लेक वृषाली तापानं फणफणली होती, गाडी दारात उभी होती, तरी भाऊ धावत जाऊन रिक्षा घेऊन आले. गाडीकडे बघायचं मंदाबाईंनी तेव्हापासून सोडलं.

त्या फाटकापर्यंत गेल्या. माणूस हट्टानं थांबवता येत नाही, आणि हुकूम द्यायची भाऊंना सवय नव्हती, फक्त ऐकायची होती.

“मंदा,” गाडीच्या दारावर हात ठेवून ते म्हणाले, “हिनामा साहेब बठनात, चोर बठनात, एक डाव जप्त करेल बकऱ्या बी बठन्यात. तूच तेवढी ऱ्हायनी.”

मंदाबाई थबकल्या. मागं वळून न बघताच त्यांनी विचारलं, “बकऱ्या?”

“सात बकऱ्या नि एक बोकड.”

ओट्यावर चुडामणनाना खो-खो हसले. मंदाबाईंनीही पदर तोंडाला लावला. त्या परत आल्या, गाडीला एक फेरी मारली, दारावरून हात फिरवला. रंग चांगला बसला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच.

“चोर मांगे बठेत ना?”

“मांगेच.”

“मंग मी पुढे बठसू.”

भाऊंनी डावीकडचं दार उघडलं आणि टाचा जुळवून उभे राहिले. मंदाबाई साडी सावरत चढल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत ताठ बसल्या. भाऊ वळसा घालून आले, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात बोललं.

गाडी मात्र जागची हलेना.

भाऊंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर रस्त्यावर. इंजिन धडधडत होतं, आरसे थरथरत होते. भाऊ नुसते बसून.

“काय रे, बिघडनी का?” चुडामणनाना ओट्यावरून उठले.

मंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. आधी त्यांना वाटलं, डोळे भरून आले असतील. मग ध्यानात आलं. बंदोबस्तावरून जाता जाता गाडी कधी घराशी थांबायची, भाऊ उभ्या उभ्या दोन घास खायचे आणि पळत जाऊन स्टेअरिंगवर बसायचे. पण गाडी लगेच निघायची नाही. डावीकडच्या सीटवरून साहेबांनी नाव घेऊन हुकूम सोडला की मगच निघायची. दारात उभं राहून मंदाबाईंनी तो किती वेळा ऐकला होता. आणि आज त्या सीटवर त्या होत्या, नि हा माणूस हुकमाची वाट बघत बसला होता! स्वतःच्या गाडीत! त्याला स्वतःला ते कळलंही नव्हतं.

मंदाबाईंना हसू आलं. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडी कधी आलं नव्हतं. त्यांनी पदर खांद्यावर नीट केला, मान ताठ केली.

“चला देवचंद,” त्या म्हणाल्या, “घ्या गाडी.”