क्लोकरूमचा बिल्ला

हरिद्वारच्या गाडीला पाच तास होते. "दिल्लीत आलोच आहोत, तर दोन म्युझियम उरकू," दादा म्हणाला. यादी त्यानं आईच्या दहाव्यालाच केली होती.

गुरुजींनी बजावलं होतं, वाटेत अस्थी खाली टेकवू नका. नागपूरपासून आईचा कलश माझ्या मांडीवर होता. पहिल्याच म्युझियमच्या दारात क्लोकरूमच्या माणसानं विचारलं, "पिशवीत किमती काही?"

"छे, काही नाही," म्हणत दादानं कलशाची पिशवी आत सरकवली आणि बिल्ला खिशात टाकला. "तेवढ्यानं आई रुसत नाही, वेडाबाई."

आत काचेमागे बुद्धाच्या अस्थी होत्या. दादानं बूट काढले, डोळे मिटले. इतका भाविक तो स्मशानातही दिसला नव्हता.

"हात जोड गं," तो कुजबुजला. "अडीच हजार वर्षं जपल्यात लोकांनी."

मी हात पुढे केला. "बिल्ला दे."