दांडी सोडायची नाही

"दोरीच्या मागे, मास्तर! प्रशिक्षकांनी आज मैदानात यायचं नाही," शिट्टीवाल्या पंचांनी पुन्हा बजावलं, तेव्हा गाडीमास्तर कुरकुरत मागे सरले.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. शिकाऊ माणूस चाकावर, आपण शेजारी आणि आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक, यात त्यांची हयात गेली होती. संध्याकाळी मात्र ते आज मैदानात उतरलेल्या या चौघांना धावायला शिकवत, एक पैसा न घेता. चौघंही वयाने मोठी, समज तेवढी सावकाश चालणारी. कुणी कीव करायला लागलं की मास्तर म्हणत, "अहो, पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी मुक्कामाला पोचते."

दोरीपाशी त्यांच्या शेजारीच ठकीची आई उभी होती. ठकी या चौघांतलीच. गेल्या वर्षी याच मैदानावर रिलेच्या शर्यतीत तिच्या हातून बॅटन निसटली आणि घरंगळत भलत्याच्याच पायात गेली. लोक हसले. वाईट मनाने नाही, कुणी घसरून पडलं की हसतात तसे. पण ठकीने ते ऐकलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती कोपऱ्यावरच्या दुकानातही जाईना. आज बसमध्ये चढताना आईने स्पष्टच सांगितलं होतं, "यंदा पोरीचं हसं झालं ना मास्तर, तर पुन्हा नाही पाठवायची मी. राग मानू नका."

"यंदा दांडी पडली तर मिशी उतरवीन," मास्तर म्हणाले होते.

बॅटनला चौघं दांडीच म्हणत. वर्षभर मास्तरांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: काहीही झालं तरी दांडी सोडायची नाही. चौघांतला हवालदार तर भेटेल त्याला सलाम ठोकून हेच सांगायचा. हवालदार हे त्याचं टोपणनाव, ते या सलामामुळेच पडलेलं.

बार उडाला. ठकी सुटली. दातओठ खात, दांडी मुठीत आवळून ती सरळ पुढच्या टप्प्यावर उभ्या लंबूकडे धावत आली. लंबूने शिकवल्याप्रमाणे हात मागे केला. दांडी त्याच्या तळव्यात नेमकी बसली. मास्तरांचं तोंड आपोआप उघडलं आणि त्याच क्षणी आपण दोरीच्या मागे आहोत हे त्यांना उमगलं.

सरावात या घटकेला ते तिथे असत. ठकीच्या कानाशी उभे राहून म्हणत, "सोड!" की ती सोडायची. रोज, प्रत्येक वेळी; बाकीच्यांचंही तसंच. ती त्यांच्या शब्दावर सोडते, आपण होऊन नाही, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. वर्षभर ते आपल्याच ब्रेकवर पाय ठेवून शिकवत होते.

"सोड!" मास्तर ओरडले. लाउडस्पीकरवर कुणीतरी जेवणाच्या पाकिटांची सूचना देत होतं. त्यात त्यांचा आवाज विरून गेला.

लंबू पळाला. ठकीही पळाली. दांडी दोघांच्या मध्ये. लंबू आपल्या ढांगा आखडत्या घेत होता, तिला गाठता यावं म्हणून. मागून हसण्याची लाट आली. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारी बघायची त्यांची छाती झाली नाही.

पुढच्या वळणावर हवालदारने दांडी धरली. आता तिघं. बाकीचे संघ केव्हाच पोचले होते. शेवटी उभ्या असलेल्या गप्पीने, जी वर्षभरात मास्तरांशी चार वाक्यं बोलली नसेल, हात लांब केला आणि उरलेल्या जागेत आपली मूठ कशीबशी बसवली. एकमेकांच्या पायात येत, धापा टाकत, चौघं मिळून रेषेपलीकडे गेली. कुणी हसत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. लांबून दोन्ही आवाज सारखेच वाटतात. पंचांनी लाल झेंडा वर केला.

"लाल म्हणजे?" ठकीच्या आईने विचारलं.

"बाद. चूक माझी आहे, ताई. मी 'सोड' म्हटल्याशिवाय ती सोडत नाहीत. आणि मी इथे मागे."

तेवढ्यात पंचांनीच हात केला. "मास्तर, या बुवा आता! तुमची मंडळी दांडी देईनात. पुढची शर्यत खोळंबलीय माझी."

दोरी ओलांडून दोघं गेली. पंच दांडीचं एक टोक धरून ओढत होते. हवालदारने मोकळ्या हाताने त्यांना कडक सलाम ठोकला. "काहीही झालं तरी दांडी सोडायची नाही, साहेब."

ठकीचा चेहरा लालबुंद झाला होता. ती पूर्ण फेरी पळाली होती, वाट्याला आलेल्या अंतरापेक्षा किती जास्त, ते तिच्या गावीही नव्हतं. आईला बघताच ती ओरडली, "आई, पडली नाही!"

"नाही गं पडली," आई म्हणाली.

"एक शब्द बोला आणि मोकळे करा," पंच मास्तरांना म्हणाले.

चौघांनी मास्तरांकडे पाहिलं. दांडीवर चार मुठी, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मास्तरांनी घसा खाकरला.

ठकीच्या आईने त्यांची बाही धरली.

"म्हणू नका, मास्तर. जरा वेळ म्हणू नका."